बिल निघण्याआधी आम्हाला बोलवा : मुंबईच्या २२७ नगरसेवक-नगरसेविकांना खुले पत्र

सन्माननीय नगरसेविका आणि नगरसेवक,

स. न. वि. वि.

मुंबई महानगरपालिकेच्या मागच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि तुमच्यासाठी मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली पावणेचार वर्षांहून जास्त मुदत या शहराला एकही नगरसेवक नव्हता. पालिकेची मुदत संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण व्हायलाच हवी, असं राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं. किशनसिंग तोमर खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं होतं. तरीसुद्धा ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभाग २२७ चे २३६ आणि २३६ चे परत २२७, कोर्टाच्या तारखा, असं करत वर्षं गेली. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्यायला फर्मावलं, पुढे ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत घालून दिली, आणि मग आम्हाला मत द्यायला मिळालं.

या काळात पालिकेचा खर्च काही थांबला नाही. २०२३-२४ चा अर्थसंकल्प ५२,६१९ कोटींचा होता, २०२४-२५ चा ५९,९५४ कोटींचा आणि २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा. तिन्ही मिळून १ लाख ८७ हजार कोटी रुपये होतात. हे तिन्ही अर्थसंकल्प आयुक्तांनी मांडले आणि प्रशासक या नात्यानं आयुक्तांनीच मंजूर केले. मला इथे कुणा अधिकाऱ्याच्या हेतूवर बोट ठेवायचं नाही. पण मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असला की ‘हा आकडा कुठून आला?’ असं विचारायला कुणी उरत नाही. स्थायी समिती नव्हती, सुधार समिती नव्हती, शिक्षण समिती नव्हती. ९ मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं पाच रुपयांवरून दहा आणि एसी बसचं सहावरून बारा झालं. धुणीभांडी करायला चार घरी बसनं जाणाऱ्या बाईचा खर्च एका दिवसात दुप्पट झाला, आणि त्यावर तिच्या वतीनं तोंड उघडायला बेस्ट समितीच अस्तित्वात नव्हती.

म्हणून तुमच्या येण्याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु नगरसेवक आले म्हणजे सगळं मार्गी लागलं, असं मात्र मी मानत नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

कॅगनं, म्हणजे देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, पालिकेच्या सुमारे १२ हजार कोटींच्या कामांची तपासणी केली आणि तो अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत ठेवला गेला. तपासणीचा काळ होता २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२. यातली सव्वादोन वर्षं तुमच्या आधीचं सभागृह रीतसर भरत होतं. तरी अहवालात काय निघालं? २१४ कोटींची २० कामं निविदा न काढताच दिली. ४,७५५ कोटींच्या ६४ कामांत कंत्राटदार आणि पालिका यांच्यात करारच झालेला नव्हता. ३,३५५ कोटींच्या १३ कामांवर त्रयस्थ लेखापरीक्षक नेमलेला नव्हता. कोविडच्या खर्चाचे कागद तर साथरोग कायद्याकडे बोट दाखवून तपासणीलाच दिले नाहीत. त्याच्याही आधी, २०१६ साली, रस्त्यांच्या कामांचा घोटाळा बाहेर आला तेव्हाही सभागृह होतं, समित्या होत्या आणि त्यांच्या बैठकाही होत होत्या.

म्हणजे नगरसेवक असणं आणि पैशावर नजर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या शहरात चौकशा भरपूर होतात. समिती नेमली जाते, एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक बसतं, कॅग येतं, गुन्हे दाखल होतात. हे सगळं होतं पैसे गेल्यानंतर. काम झाल्यावर, पण बिलावर शेवटची सही पडण्याआधी, त्या रस्त्यावर, त्या नाल्याकाठी, त्या शौचालयाशेजारी राहणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही की बाबा, काम झालंय का, आणि कागदावर लिहिलंय तसं झालंय का. ही पद्धत तुम्ही सुरू करा. माझं मागणं एवढंच आहे, आणि ते पुरं करायला नवा कायदा लागत नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. पूर्व उपनगरातल्या एका जुन्या वसाहतीत मी राहते. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. कामाच्या वेळी फलक लावला होता, त्यावर कामाचं नाव, खर्च, कंत्राटदार, दोषदायित्व कालावधी असं सगळं होतं. काम संपलं आणि फलक गेला. पुढे काही महिन्यांत पाण्याच्या लाइनीसाठी त्याच रस्त्यात आडवा चर खणला आणि वर पेव्हर ब्लॉक बसवून तो बुजवला. पहिल्याच पावसात ब्लॉक खचले, तिथे पाणी साचायला लागलं, एक शाळकरी मुलगा सायकलवरून पडला. दोषदायित्वात दुरुस्ती कंत्राटदारानं फुकट करून द्यायची असते. कंत्राटदाराचं म्हणणं होतं की चर त्यानं खणलाच नाही. चर बुजवण्याचं कंत्राट वेगळं, पाण्याचं खातं वेगळं, परिरक्षण खातं वेगळं.

आम्ही काही बायका आणि दोन निवृत्त शेजारी कागद बघायला विभाग कार्यालयात गेलो. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा राज्य सरकारचा नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे. त्याची प्रत आम्ही बरोबर नेली होती. टेबलावरच्या माणसानं ती वाचली, परत दिली आणि ‘अर्ज टाका’ म्हणाला. अर्ज टाकला. माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही, असं उत्तर आलं. अपील केलं. अपिलात आदेश झाला, मग एकदाची मोजमाप पुस्तिकेच्या, म्हणजे झालेल्या कामाची मापं जिच्यात लिहितात त्या वहीच्या, पानांची झेरॉक्स मिळाली.

ती पानं आम्ही कट्ट्यावर पसरली. ज्यांची उभी हयात कारखान्यात फिटर म्हणून गेली, त्या आमच्या शेजाऱ्यांनी घरून टेप आणली. पुस्तिकेत रस्त्याची जी रुंदी लिहिली होती ती दोन्ही बाजूंचा फूटपाथ धरून होती. फूटपाथ जुनाच होता, त्याला कुणी हातही लावला नव्हता. त्याच्या कडेचा पिवळा-काळा रंग जुना, उडालेला, सगळ्यांना दिसत होता. लांबीतही गल्लीच्या तोंडाचा मोठ्या रस्त्याचा तुकडा दोनदा धरल्यासारखा वाटत होता. त्याचा खुलासा मागितला तो मिळाला नाही. आम्ही मोजलेल्या मापांचा कागद सह्या करून दिला. पोच मिळाली. पुढे त्याचं काय झालं ते आम्हाला कुणी कळवलेलं नाही, आणि बिल तर केव्हाच निघालं होतं.

मला इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. त्या मापातली चूक शोधायला कुणी इंजिनिअर लागला नाही. चौथी शिकलेल्या बाईलाही फूटपाथ जुना आहे हे कळत होतं. ती रोज त्याच्यावर बसून भाजी विकते. पुस्तिकेत माप लिहिलं जाण्याच्या दिवशी, नाही तर निदान बिल पुढे जाण्याआधी, तिला आणि आणखी चौघांना त्या कागदासमोर उभं केलं असतं, तर अर्ज, अपील आणि आदेश यांत गेलेला सगळा काळ वाचला असता आणि पैसेही वाचले असते.

आता नालेसफाईचं बघा. गाळ काढायचा, गाडीत भरायचा, वजनकाट्यावर तोलायचा आणि वजनावर पैसे द्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. गाळ एकदा गेला की तो होता किती हे सिद्ध करायला काहीच उरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी घराघरांत शिरली, आणि तेव्हापासून मिठीच्या गाळावर या शहरानं किती पैसा ओतला! त्याच मिठीतल्या गाळाच्या कामात सुमारे ६५ कोटींचा घोटाळा झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं मे २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला. गाळ टाकायच्या जागांचे करारच बनावट होते, असाही आरोप त्यात आहे. खटला चालेल, खरंखोटं न्यायालय ठरवील. प्रशासनानं २०२५ च्या नालेसफाईत कामाचे व्हिडिओ मागवून ते कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तपासून घ्यायला सुरुवात केली, हे चांगलंच झालं. पण ते व्हिडिओ बघतं कोण? ज्याच्या खिडकीखालून तो नाला वाहतो त्याला ते बघायला मिळतात का? कुठल्या तारखेला, कुठल्या वेळी, कोणत्या पुलाखालचा गाळ काढला, हे नाल्याकाठच्या चाळीला विचारा. गाडी आली होती की नाही, आलेली गाडी भरून गेली की अर्धी, हे त्यांना तोंडपाठ असतं, कारण काढलेला गाळ काठावर टाकला की त्याचा वास दोन-तीन दिवस त्यांच्याच घरात असतो.

दुसरा मुद्दा हद्दीचा. ‘ते आमच्या अखत्यारीत येत नाही’ हे वाक्य मुंबईकरानं जितक्या वेळा ऐकलं असेल तितकं दुसरं कुठलंही नसेल. या शहरात पालिका आहे, महानगर प्रदेशाच्या विकासाचं एमएमआरडीए आहे, घरांचं म्हाडा आहे, झोपडपट्टी पुनर्वसनाचं एसआरए आहे, रेल्वे आहे, बंदर प्राधिकरण आहे, मेट्रो आहे, जिल्हाधिकारी आहेत. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडा नगरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. परवानगीची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, आणि ते होर्डिंग होतं १२० बाय १४० फुटांचं. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली. पालिका म्हणाली आमची परवानगी घेतलेली नाही, दुसरी बाजू म्हणाली आमच्या जागेवर पालिकेची परवानगी लागत नाही. एवढं मोठं होर्डिंग हमरस्त्यावर उभं होतं, आणि ते पाडण्याची जबाबदारी नेमकी कुणाची, हे माणसं मेल्यावर ठरवायची वेळ आली. अंधेरीच्या गोखले पुलाचंही असंच. ३ जुलै २०१८ ला त्याचा भाग कोसळला, ७ नोव्हेंबर २०२२ ला पूल बंद झाला, २६ फेब्रुवारी २०२४ ला एक बाजू सुरू झाली तेव्हा लोकांनी पाहिलं की नवा पूल आणि शेजारचा बर्फीवाला पूल यांची उंचीच जुळत नाही. पूर्ण पूल खुला व्हायला ११ मे २०२५ उजाडलं. रेल्वेच्या हद्दीतला भाग रेल्वेचा, बाकीचा पालिकेचा, आणि अंधेरी पूर्वेहून पश्चिमेला जाणाऱ्या माणसाची रोजची तास-तासाची रखडपट्टी मात्र कुणाचीच नाही.

म्हाडाच्या जुन्या वसाहतींत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आतला रस्ता कुणाचा, गटार कुणाचं, तुंबलेली मलनि:सारण वाहिनी कुणी साफ करायची, यावर दोन कार्यालयांत कागद फिरत राहतात आणि घाण पाणी तळमजल्याच्या मोरीतून घरात येतं. नगरसेवकाला दुसऱ्या यंत्रणेवर हुकूम चालवता येत नाही, हे मला माहीत आहे. पण सगळ्यांना एका खोलीत बोलावता येतं. जो अधिकारी ‘आमची हद्द नाही’ म्हणतो, त्याच्याकडून ते लोकांसमोर लेखी घेता येतं. दोन लेखी नकार शेजारी-शेजारी ठेवले की जबाबदार असलेलं तिसरं कार्यालय कुठलं ते कळतं. आमदार आणि मंत्री हे करत नाहीत, कारण त्यांचं काम मोठमोठ्या प्रकल्पांचं. गटाराच्या पातळीवर उतरणारा लोकप्रतिनिधी तुमच्याशिवाय दुसरा कुणी नाही.

मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये एक मोठा आदेश दिला. खड्ड्यात किंवा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख, जखमी झाल्यास दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायची आणि ती रक्कम दोषी कंत्राटदाराकडून, अधिकाऱ्याकडून वसूल करायची. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये अंधेरीत एक महिला उघड्या गटारात पडून गेली. इतक्या वर्षांनी का होईना, पैसे जबाबदार माणसाच्या खिशातून जावेत असं न्यायालयानं म्हटलं. आता हे तुमच्या हातात आहे. तुमच्या प्रभागात असा अपघात झाला तर त्या कुटुंबाला घेऊन अर्ज करायला तुम्ही जाणार का? वसुली झाली की नाही, कुणाकडून झाली, हा प्रश्न सभागृहात विचारणार का? नुसती भरपाई पालिकेच्या तिजोरीतून दिली गेली तर ती आमच्याच करातून जाते, आणि ज्यानं झाकण उघडं टाकलं त्याला काही कळतही नाही.

सभागृहातल्या प्रश्नांबद्दल बोलायलाच हवं. मागच्या काळातल्या नगरसेवकांनी काय विचारलं याची प्रजा फाउंडेशन या संस्थेनं काढलेली प्रगतिपुस्तकं बघा. रस्त्यांची आणि चौकांची नावं बदलण्याचे प्रश्न त्यात वर्षानुवर्षं ढिगानं सापडतात. चौकाला थोर माणसाचं नाव द्यायला माझा विरोध नाही. पण प्रभाग समितीचा वेळ त्यात गेला की पाण्याची वेळ, शाळेतले शिक्षक, दवाखान्यातली औषधं राहून जातात. महात्मा फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० च्या सुमारास लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर शृंगारायला हजार रुपये खर्चायचं ठरलं, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला, असं सांगत एकट्या जोतिरावांनी विरोध केला. ठराव मंजूर झाला, ते एकटे पडले. पण त्यांचा विरोध नोंदवला गेला आणि आज आपण तोच सांगतो. २०२२ च्या डिसेंबरात मुंबईत सुशोभीकरणाचा सुमारे १,७०० कोटींचा कार्यक्रम सुरू झाला, दिव्याच्या खांबांना रोषणाई झाली, भिंती रंगल्या. त्या वेळी सभागृहात एक ‘नाही’ नोंदवायलाही कुणी बसलेलं नव्हतं. आता तुम्ही २२७ जण आहात. पक्षाचा आदेश असला तरी आपल्या प्रभागातल्या माणसाचा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या. हरलात तरी चालेल, नोंद झाली पाहिजे.

माझं मुख्य मागणं आता नीट सांगते. राज्यानं २००९ साली कायद्यात क्षेत्रसभा आणली. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहर-सुधारणेच्या योजनेतून पैसे हवे होते, त्याची ती अट होती. काही मतदान केंद्रांचा मिळून एक परिसर, तिथला प्रत्येक मतदार सभेचा सदस्य, आणि अध्यक्ष तिथला नगरसेवक, अशी ही कल्पना. आमच्या भागात अशी सभा भरलेली मी पाहिलेली नाही, आणि माझ्या ओळखीच्या कुणीही पाहिलेली नाही. गावाला ग्रामसभा असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. आमच्या इमारतीतले कोकणातले एक काका मे महिन्यात गावी गेले की ग्रामसभेला बसतात, सरपंचाला घरपट्टीचा आणि नळयोजनेचा हिशेब विचारतात, ग्रामसेवक वही उघडून दाखवतो. दोन-चारशे घरांच्या गावात त्यांना जो अधिकार आहे, तो सव्वा कोटी माणसांच्या शहरात, जिथे ते उभं आयुष्य राहिले, तिथे नाही. ग्रामसभाही सगळीकडे नीट भरतात असं नाही, कोरम नसतो, सह्या घरोघर फिरवून घेतात, हे मी जाणते. पण तिथे निदान तारीख ठरलेली असते.

तुम्ही ही सभा घ्या. क्षेत्रसभा म्हणा, नाही तर नुसती प्रभागाची बैठक म्हणा. तीन महिन्यांतून एकदा, रविवारी सकाळी नाही तर कामावरून परतायच्या वेळेनंतर, पालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये. पक्षाच्या शाखेत नको. तिथे दुसऱ्याला मत दिलेला माणूस पाय ठेवायला कचरतो. त्या तिमाहीत तुमच्या प्रभागात ज्या कामांची बिलं निघायची आहेत त्यांची यादी, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेची पानं आठ दिवस आधी भिंतीवर लावा. मराठीत, मोठ्या अक्षरात. सभेत दुय्यम अभियंत्यानं उभं राहून सांगावं की इथे एवढं काम झालं, आणि लोकांनी म्हणावं हो किंवा नाही. ‘नाही’ निघालं तर ते लिहून घ्यावं आणि तो शेरा बिलाच्या फायलीला जोडावा. बिल अडवायचा अधिकार तुमच्याकडे नसेलही. पण लोकांचा लेखी शेरा असलेली फाइल पुढे सरकवताना सही करणाऱ्याला दोनदा विचार करावा लागेल.

तुमच्यातले काही म्हणतील, लोक येत नाहीत, आले तर भांडतात, विरोधी पक्षवाले गोंधळ घालतात. पहिल्या दोन सभा तशा होतीलही. नव्वदच्या दशकात घाटकोपरसारख्या भागांतून एएलएम, म्हणजे आपला परिसर सांभाळणारे रहिवाशांचे गट, उभे राहिले तेव्हा कचरा वेगळा करायला आधी कुणी तयार नव्हतं. लोकांना आपल्या म्हणण्याचा उपयोग होतो हे दिसलं तसे ते येत गेले. मात्र एएलएममध्ये इमारतींतली माणसं जास्त होती, हे विसरू नका. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईच्या १ कोटी २४ लाखांपैकी सुमारे ५२ लाख माणसं झोपडपट्टीत राहतात. सभा वस्तीत घ्या. वस्तीतल्या बायका येतील अशा वेळी घ्या. सार्वजनिक शौचालयाच्या दुरुस्तीचं बिल मंजूर करायचं असेल तर पहाटे त्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईइतका चांगला लेखापरीक्षक पालिकेला मिळणार नाही.

आणि नगरसेविकांनो, तुमच्यासाठी एक वेगळं. २२७ पैकी ११४ जागा महिलांच्या आहेत. आम्ही मत तुम्हाला दिलं आहे, तुमच्या यजमानांना, दिरांना किंवा भावांना नाही. बैठकीत अधिकाऱ्याशी बोलायचं ते तुम्ही. प्रशासनाची भाषा सुरुवातीला अवघड वाटेल, देयक, पुनर्विनियोजन, फेरफार, कितीतरी शब्द कानावरून जातील. तिथल्या तिथे थांबवून विचारा. तुम्ही विचारलंत की समोर बसलेल्या पन्नास बायकांनाही कळतं, त्याही पुढच्या वेळी विचारतात.

पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई ३१ मेपर्यंत संपवायची असते आणि त्यानंतर तिची बिलं फिरू लागतात. पहिली सभा त्याच्या आत घ्या, आणि पहिला विषय नालेसफाईचाच ठेवा. काढलेल्या गाळाच्या गाड्यांची तारीखवार यादी आणि व्हिडिओ त्या दिवशी हॉलमध्ये दाखवा. सभेची नोटीस विभाग कार्यालयाच्या आणि पालिका शाळेच्या फाटकावर, रेशन दुकानाबाहेर, वस्तीतल्या समाजमंदिरावर लावा. आम्ही येऊ. पर्जन्य जलवाहिन्या खात्याचा अभियंता हजर राहणार आहे की नाही, आणि नसेल तर त्याच्या जागी कोण येणार, तेही त्याच नोटिशीत लिहा.

आपली,
पूर्व उपनगरातली एक मतदार